सुती रुमालाचं गिऱ्हाईक

सोलापूरच्या स्टँडवर अक्कलकोटची एस.टी. लागली की आधी माणसं चढत नाहीत, रुमाल चढतात. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की जागा टाकणाऱ्याची, यावर कंडक्टरसुद्धा वाद घालत नाही. चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात दाक्षायणीने टाचा उंचावून आपला पांढरा रुमाल आत भिरकावला आणि अंग चोरत ती गाडीत शिरली, तर तिच्या जागेवर एक तरुण बसायच्याच बेतात. टेरिकॉटचा शर्ट, बेलबॉटम, हातात सुटकेस आणि कपाळावरून घामाच्या धारा.

"जागा माझी हाय," ती म्हणाली. "रुमाल दिसला न्हाई का?"

"मीपण टाकलाय की. गुलाबी."

"कुटं हाय?"

त्याने पाहिलं. पांढरा रुमाल सीटवर ऐटीत बसला होता. गुलाबी नायलॉनचा रेक्झिनवरून घसरून खाली, एका आजोबांच्या वहाणेशेजारी लोळत होता.

"पडला वाटतं..."

"पडला न्हाई. त्याला बसताच येत न्हाई," असं म्हणून ती खिडकीशी बसली.

आजूबाजूचे हसले. आणि तोही हसला – अगदी मनापासून. हरल्यावर हसणारा पुरुष दाक्षायणीने घरात पाहिला नव्हता, दुकानात तर नव्हताच. ती जरा सरकली. मध्ये आजोबा बसले, पलीकडे तो. वळसंग येईपर्यंत तो त्या गुलाबी रुमालाने तोंड पुसत राहिला. घाम कपाळावरून गालावर यायचा, गालावरून मानेवर. मुक्काम हलत होता, जात नव्हता.

"त्यानं घाम पुसला जात न्हाई, नुसता फिरतो," तिला राहवलंच नाही.

"हळू बोला. मी याच मालाचा एजंट हाय. भीमाशंकर माझं नाव." त्याने सुटकेसवर थाप मारली. "आन तुमी?"

"मी सुती रुमाल करते. अक्कलकोटला चंद्रव्वाकडनं तुरपाई करून घेते."

"म्हंजे दुश्मन की."

"व्हय," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, वळसंगपासून अक्कलकोटपर्यंत तिला खिडकीबाहेर काहीच दिसलं नाही.

दोनच दिवसांनी हा दुश्मन नव्या पेठेत तिच्या वडिलांच्या दुकानात उभा राहिला. सिद्रामप्पांचं कापडाचं दुकान लहान, पण दर्शनी भागात काचेचं कपाट होतं, आणि सगळा जीव त्या कपाटात. सिद्रामप्पांनी गुलाबी रुमाल चुरगाळला, सोडला. सुरकुती पडली नाही. त्यांचा चेहरा असा खुलला की दाक्षायणी कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

कारण वर्षभरापूर्वी तिने त्याच कपाटाचा एक कप्पा भांडून मिळवला होता. बारीक सुताचं पांढरं कापड, कडेला हाताची तुरपाई, कोपऱ्यात साखळी टाक्याने घेणाऱ्याच्या नावाचं अक्षर. पूर्वी घराबाहेर पडणारा माणूस उंबऱ्यावर थांबून रुमाल मागायचा. त्यात प्रसाद बांधून आणायचा, उन्हात तो भिजवून डोक्यावर टाकायचा, रडक्या पोराचं नाक पुसायचा. धुऊन धुऊन असा रुमाल सायीसारखा मऊ होतो. हे सगळं पुन्हा रोजच्या वापरात यावं, एवढाच तिचा ध्यास. पण नायलॉन आल्यापासून तिच्या कप्प्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"बसवजयंतीपर्यंत बघू," अप्पा म्हणाले. "तुझा माल खपला तर सगळं कपाट तुझं. न्हाई तर दुकान सोडायचं आन वैरागच्या स्थळाला व्हय म्हणायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. भीमाशंकरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

त्यानंतर तो वरचेवर यायला लागला. ऑर्डर घ्यायला, म्हणे. गुलाबी रुमाल हातोहात खपत होते, आणि त्याचं तोंड मात्र उतरत चाललं होतं.

"एवढा खप हाय, तरी तोंड का असं?" तिने एकदा विचारलं.

"माझा खप वाढला की तुमी वैरागच्या जवळ जाता... म्हणून."

ती कापड मोजायचा गज शोधायला आत पळाली. गज तिच्या हातातच होता.

बसवजयंतीच्या आदल्या दिवशी सिद्रामप्पांचे चुलतभाऊ महादेवप्पा यांच्या मुलीचं लग्न होतं, दुकानामागच्याच गल्लीत. वैशाखातलं सोलापूरचं ऊन, वर पत्र्याचा मांडव. घरातल्या झाडून साऱ्या पुरुषांनी खिशात गुलाबी नायलॉन खोचलेलं आणि सगळ्यांच्या कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. अक्षता पडल्या, घाम सुटला, गुलाबी रुमाल बाहेर निघाले, आणि व्हायचं तेच झालं. घाम टिपला गेला नाही, पण विभूती मात्र कपाळावरून नाकावर, नाकावरून कानांपर्यंत सारवली गेली. महादेवप्पांना त्यांच्या विहिणीने ओळखलं नाही. फोटोग्राफर कॅमेरा खाली ठेवून म्हणाला, "आधी तोंडं पुसून या."

सगळे पुन्हा तेच रुमाल घेऊन पुसायला लागले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, महादेवप्पा रडायच्या घाईला आले होते.

दाक्षायणीने क्षणभर विचार केला. सगळा माल भिजवला तर उद्या विकायचं काय? मग वैराग... तिने काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती दुकानाकडे धावली. कप्पा रिकामा केला, रुमालांची थप्पी रांजणात बुडवली, पिळली, आणि परातीत घालून मांडवभर फिरली. गार, ओला, सुती रुमाल तोंडावरून फिरला की माणूस डोळे मिटून 'अहाहा' म्हणे. घटकेत सगळ्यांची तोंडं स्वच्छ झाली.

"काय एजंट, आता काय म्हणणं हाय?" सिद्रामप्पांनी भर मांडवात विचारलं. दिवाळीची मोठी ऑर्डर ते त्यालाच देणार होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांच्याच बोलावण्यावरून लग्नाला आलेला भीमाशंकर पुढे आला. परातीतला शेवटचा रुमाल त्याने उचलला, तोंड पुसलं.

"मालक, माझा माल खिशात शोभतो," तो म्हणाला. "रुमाल म्हणावा तर यांचाच."

दाक्षायणीने परात खाली ठेवली. "तुमची ऑर्डर गेली की," ती हळूच म्हणाली.

"जाऊ दे."

बसवजयंतीला सकाळी ती रिकाम्या कप्प्यासमोर बसली होती. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. कुलूप निघून घटका झाली नसेल, महादेवप्पा आले.

"पोरी, कालच्या रुमालाचे पैसे घे."

"काका, ते तसेच दिले होते."

"फुकटचा रुमाल ठेवू नये गं. संबंध तुटतो. पैसे घे, आन आनखी सहा दे. कोपऱ्यात 'म' काढ."

मग त्यांचे व्याही आले. मग फोटोग्राफर. मग सगळी भावकी. कुणालाच सिद्रामप्पांच्या घराशी संबंध तोडायचा नव्हता आणि प्रत्येकाला आणखी हवे होते. दुपारपर्यंत कालचा सगळा माल विकला गेला होता आणि श्रावणापर्यंतचं काम अंगावर आलं होतं. सिद्रामप्पा उठले. गुलाबी रुमाल त्यांनी स्वतःच्या हाताने कपाटातून काढले आणि किल्ली लेकीपुढे ठेवली.

"वैरागला न्हाई म्हणून कळवतो," ते म्हणाले आणि लोडाला टेकून डोळे मिटून पडले. आनंदाने दाक्षायणीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

गर्दी ओसरल्यावर भीमाशंकर आला. आज सुटकेस नव्हती. त्याने एक रुपया पुढे केला.

"कालच्या रुमालाचा."

"ती सगळी नात्यातली माणसं," दाक्षायणी म्हणाली. "तुमचा आमचा कुठला संबंध, तुटायला?"

"अजून न्हाई..." त्याचे कान लाल झाले. "पर जुळला, तर तुटायला नको. म्हणून आधीच देतोय."

तिने हात पुढे केला, मागे घेतला.

"घे की गं," लोडाकडून आवाज आला. सिद्रामप्पांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "दारात आलेलं गिऱ्हाईक परत धाडू नये. आन त्याच्या वडलांचा पत्ता विचार."

दाक्षायणीने रुपया घेतला. गल्ल्यात मात्र टाकला नाही.