गुंडाची विसावी पायरी

तो आला तेव्हा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि मी त्याला पालक समजून झापलं. "साडेअकरा वाजले. आत्ता आणताय व्हय पोराला?"

रेनकोटातून पाणी गळत होतं. तो म्हणाला, "पोरगा नाही, बाई... बारा टॅब आणलेत."

असा हा सौमित्र. सांगलीचा, कुपवाडच्या एका छोट्या कंपनीत कामाला. उंब्रजजवळच्या आमच्या शाळेत त्यानं टॅबवर गणिताचे धडे बसवले. प्रत्येक पोराला आपापल्या वीस पायऱ्या. उत्तर बरोबर आलं की वर, चुकलं की तीच पायरी पुन्हा, जरा सोपी करून. शिवतेज वजाबाकीत महिना काढायचा, ओवी आठवड्यात भागाकार उडवायची, पण कुणी कुणाला हसायचं नाही. विसावी पायरी चढेल त्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हा नियम माझा. धड्यातला आवाज मात्र सौमित्रचा होता, "शाबास! चल वर." मला तो आवाज फार आवडायला लागला, खोटं कशाला बोलू.

धडे नीट चालतात का ते बघायला त्यानं टॅबवर एक खोटा विद्यार्थी केला होता. नाव गुंडा. त्याची उत्तरं मी द्यायची. गुंडा अडकला की कुपवाडला निरोप जायचा आणि शनिवारी सौमित्र मोटारसायकलवरून हजर. हे कळल्यावर काय... मी सात अधिक पाच तेरा लिहायला लागले.

"तुमचा गुंडा लय ढ आहे," मी म्हणायचे.

"गुंडा हुशार आहे. बाईंचंच लक्ष कुठं असतं, कोण जाणे..."

असं म्हणून बघत राहायचा, आणि मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसायचे. चहा गार व्हायचा. त्याची आई त्याच्यासाठी मुली बघत होती, हेही त्यानंच एकदा सांगितलं. मी विषय बदलला.

फेब्रुवारीत जाताना तो दारात थांबला. "एकदा गुंडाला विसाव्या पायरीपर्यंत न्या. मग मला फोन करा. नाही केलात, तरी... मी समजेन."

मी हसले. मनात म्हटलं, शहाणाच आहे! गुंडा पास झाला की ह्याचं येणं संपलं. मी गुंडाला सहाव्या पायरीवरच धरून ठेवलं.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. गुंडा अजून सहावरच का, म्हणून विचारलं. सहावरच, मी लाडात म्हटलं. तो म्हणाला, "बरं, बाई. समजलो."

त्या शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. मी फोन करायला हवा होता. पण आमच्या घरात मुलीनं आपणहून विचारायची रीत नाही, आणि बाई झाले तरी मला तेवढा धीर झाला नाही. मे महिन्यात शाळेच्या पत्त्यावर त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

जूनमध्ये आमचे हेडमास्तर लालासाहेब गुरुजी म्हणाले, नवीन पोरं आलीत, त्या गुंडाला काढून टाका. काढण्याआधी वाटलं, बिचाऱ्याला एकदा पास तरी करू. वर्गात पोरं आपापल्या टॅबवर होती. मी सगळी उत्तरं बरोबर देत गेले. सात, दहा, पंधरा... तासाभरात विसावी.

तिथं गणित नव्हतं. फेब्रुवारीची तारीख होती, आणि खाली लिहिलं होतं, "अंकिताबाई, सांगलीला याल का... कायमच्या? तोंडानं विचारायला जमेना, म्हणून इथं. उत्तराला वेळेची मर्यादा नाही." त्याखाली दोन चौकोन. होय. नाही.

पोरांना मी रोज सांगते, मुद्दाम चुकू नका, नुकसान तुमचंच होतं. अक्षरं दिसेनाशी झाली. डोळे पुसले आणि 'होय'वर बोट ठेवलं.

"शाबास! संपल्या पायऱ्या." विसावीला सगळ्यांना म्हणतो तसंच टॅब म्हणाला, त्याच आवाजात.

पोरांनी माना वर केल्या. बाई विसावी चढल्या, ओवी म्हणाली. मग नियमाप्रमाणे सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.