स्वयंपाकघरातला जागल्या

इंदुमतीबाई मगदूमांच्या स्वयंपाकघरातला नळ कळशी निम्मी भरेपर्यंत वाहिला आणि खट्‌कन मिटला. तोंडाशी लाल दिवा लागला.

"जागल्या पुन्हा रुसला गं," त्यांनी सुनेला हाक मारली.

जागल्या, म्हणजे राखणदार, हे गल्लीनं ठेवलेलं नाव. नळाला बसवलेल्या काड्यापेटीएवढ्या डबीत कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा होता आणि त्यावर प्रयोगशाळेत वाढवलेली प्रथिनं पसरलेली होती. काविळीचा विषाणू त्यांना चिकटला की पापुद्र्यातून वाहणारी वीज किंचित बदले आणि झडप बंद होई. यंत्रमागांच्या या शहरात गटार आणि पिण्याचं पाणी यांचे नळ शेजारून गेलेले. दरवर्षी कावीळ यायची, आणि ती गरोदर बायांच्या जिवावर उठायची. म्हणून डॉ. मुक्ता हेरवाडे यांनी हे यंत्र तयार केलं आणि पहिल्यांदा गरोदर बाया असलेल्या घरांतच बसवलं. मगदूमांची सून प्राजक्ता तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती.

बसवायला मुक्ता स्वतः आल्या होत्या. मगदूमांकडे पाणी गाळून, उकळून प्यायची पिढीजात रीत. इंदुमतीबाईंनी विचारलं, "आता उकळायचं का नाही?"

"गरज नाही आजी. पाण्यात दोष असला तर हा नळ उघडणारच नाही."

पण पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं आणि जागल्या चुकायला लागला. दोनदा त्यानं पाणी तोडलं. दोन्ही वेळा तपासणीत पाणी स्वच्छ निघालं. गाळातल्या कशाला तरी तो विषाणू समजला होता. तिसऱ्यांदा नळ मिटला तेव्हा प्राजक्ताला सातवा लागला होता. तिचा नवरा श्रेणिक यंत्रमागावर कामाला गेलेला. टँकर गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि तिथं झिम्मड उडायची. इंदुमतीबाईंचे गुडघे जिना उतरू देत नव्हते. दुसऱ्या दिवशी प्राजक्ता भरलेली कळशी घेऊन वर आली आणि पायरीवरच मटकन बसली.

इंदुमतीबाईंनी तिच्या हातातली कळशी काढून घेतली. "बास झालं. पोटात जीव घेऊन हांडे वाहायचे, हे कुठलं शहाणपण?"

"आई, दिवा लाल आहे पण."

"मागंही दोनदा लालच होता."

त्यांनी प्लंबरला बोलावून घेतलं. त्यानं डबीला वळसा घालून रबरी नळी जोडली आणि पाणी धो धो यायला लागलं. स्वच्छ, गार, बिनवासाचं. प्राजक्तानं उभ्याउभ्या तांब्या रिकामा केला. "किती दिवसांनी पोटभर पाणी प्याले!" ती हसत म्हणाली. उकळायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ती सवयच मोडली होती.

महिना लोटला आणि एका सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले. दोन दिवसांत ती माणसं ओळखेना. डॉक्टरांनी पोट कापून मुलगी बाहेर काढली. मुलगी जगली. प्राजक्ता शुद्धीवर आलीच नाही.

सुतक फिटल्यावर मुक्ता आल्या. डबी उघडून त्यांनी पापुद्रा तपासणीच्या यंत्राखाली धरला आणि आकडे दोनदा ताडून पाहिले.

"बोला की," इंदुमतीबाई म्हणाल्या. मांडीवरची पोर चुळबुळत होती.

"या वेळी तो खरं सांगत होता, आजी."

"ते मला कळलंय, बाई. पण दोनदा खोटं बोलला. तिसऱ्यांदा खरं बोलतोय, हे मी कशावरनं ओळखायचं होतं?"

मुक्तांनी डबी मिटली. "मीच त्याला तसा बनवला. वाटलं, चुकून बंद झाला तर काय बिघडतं? चुकून उघडा राहायला नको. घरात पाणी नसलं की माणूस काय करतो, हा विचारच माझ्या डोक्यात आला नाही."

दाराशी उभा असलेला श्रेणिक पहिल्यांदाच बोलला. "आता काय करणार? काढून टाकणार सगळीकडचे?"

"नाही. या गल्लीतल्या चार घरांत यानं बायका वाचवल्यात. याचा संशय थोडा कमी करता येईल. मग असा उगाच बंद होणार नाही, लोकांचा विश्वास बसेल, वळसे घालणार नाहीत. एकूण जीव जास्त वाचतील."

"मग करा की," श्रेणिक म्हणाला.

"पण संशय कमी केला, तर कधीतरी खरा विषाणू आला तरी नळ उघडा राहील. क्वचितच. हजारात एखाद्या घरी."

इंदुमतीबाईंनी पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. तिच्या तोंडाला बोट लावलं तशी ती चोखायला लागली.

"हजारात एखादं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मुक्तांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"ते एखादं घर कुणाचं, बाई?"