चाळिसावी खुंटी

बसा. उजवा पाय या कागदावर ठेवा, पूर्ण भार देऊन. आणि भिंतीकडे बघू नका, बघणाऱ्याचे पाय आखडतात. हो, लाकडी पायच आहेत ते. आम्ही फर्मे म्हणतो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायांची जोडी, तिच्यावर बेतून त्याचेच बूट शिवायचे. खुंट्या चाळीस. माणूस वारला की त्याचे फर्मे त्याच दिवशी शेगडीत घालायचे आणि खुंटी नव्या माणसाला द्यायची. हा बाबांचा नियम.

बाबा गेले तेव्हा तो मीच मोडला. अहो, त्यांचे फर्मे कसे जाळू? डावा पाय फरफटत चालायचे, पण त्यांच्यासारखा कारागीर झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. चाळिसाव्या खुंटीवर त्यांची जोडी तशीच ठेवली आणि नवी माणसं परत पाठवली. मनात सल एकच होता. शिष्य तयार झाला की गुरूनेच त्याचे फर्मे कोरायचे, अशी आमच्यात रीत. माझे कधी कोरणार, असं विचारलं की बाबा म्हणायचे, अजून अवकाश आहे.

मग शाळेतल्या बाई बूट दुरुस्तीला घेऊन आल्या. डावी टाच घासलेली. मागून पोस्टमनकाका, त्यांचीही डावीच. बूट सगळे माझ्या हातचे. दुपारी दुकानात सामसूम असली की रस्त्यावरून ऐकू यायचं... टक्, फरफट. टक्, फरफट. खरं सांगू? मला बरं वाटायचं. बाबा अजून चालतायत, याचा मला अभिमानच होता.

एका दुपारी लेक शाळेतून आली. सहा वर्षांची, पायात मी शिवलेले नवे बूट. माझी पाठ होती. टक्... फरफट.

"पाय दुखतोय का गं?"

"नाही आई. मी नाही ओढत... आजोबा ओढतात."

तिचे बूट काढले, तरी पाय फरफटतच राहिला. तेव्हा कळलं, बाबांना जायचं होतं आणि मीच त्यांना त्या खुंटीवर अडकवून ठेवलं होतं. शेगडी पेटवली. जोडी उचलली तर लाकूड अंगासारखं कोमट लागलं. "बाबा, तिला सोडा," म्हटलं, "मीही सोडते..." दुकानभर त्यांच्या हातांना यायचा तो मेणाचा वास पसरला. लाकडाची राख झाली आणि पोर तुरुतुरु पाणी प्यायला गेली. मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी कुलूप मीच काढलं. रिकाम्या खुंटीवर नवा फर्मा होता, खाली ताज्या ढलप्या. पाय माझा. तळव्याची कड आतल्या बाजूला झुकवून कोरलेला, आणि तसं फक्त बाबा कोरायचे. ऊर भरून आला हो. तुमचं माप घेतेय ती बाबांनी पास केलेली कारागीर आहे, लक्षात ठेवा.

तो फर्मा आता माझ्या बैठकीपाशी असतो. खुंटी मोकळी आहे, ती आजपासून तुमची.

फक्त एवढंच, की तो एकटा उजवा आहे. बाबांनी आयुष्यात कधी जोडी अर्धी सोडली नाही. आज सकाळी कुलूप काढलं, तर बैठकीखाली पुन्हा मूठभर ढलप्या पडलेल्या होत्या.

हं, आता डावा पाय ठेवा.