उस्ताचा अंगठा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं, तो सरमद माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला असतो. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. लहानपणी मारायचा, तेव्हा कान लाल होऊन लगेच पकडला जायचा.

जागा, बगदादचा सिनाअ रस्ता. दिवस, गेल्या जुलैतला गुरुवार.

आणि रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर पन्नास अंशांचं ऊन होतं, आणि तरीही...

सांगतो. आधी दुकानाचं सांगायला हवं.

सरमद कम्प्युटर दुरुस्त करतो. दुकान मुळात उस्ता नाजींचं; उस्ता म्हणजे मुरलेला कारागीर, उस्ताद. सरमद अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. फेब्रुवारीत उस्ता वारले आणि घरच्यांनी दुकान सरमदच्या हवाली केलं. त्याने वर स्वतःच्या नावाची पाटी लावली, पण लोक आत येऊन विचारायचे ते नाजींनाच. ते गेल्याचं कळलं की म्हणायचे, "काय हात होता माणसाचा."

सरमद मान डोलवायचा आणि आतून जळायचा. कधीतरी कोणीतरी आपल्या हाताचं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

तसे दोघे दोन टोकांचे. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरची मुख्य चिप गार ठेवायला वर पंख्यांचा कूलर असतो, आणि चिप नि कूलर यांच्यामध्ये करडी पेस्ट लावतात. उस्ता ती उघड्या अंगठ्याने लावायचे. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर कापल्याचा एक पांढरा, आडवा वण होता. सरमद मात्र हातमोजे घालणार, पातळ पट्टीने पेस्ट पसरणार, प्रत्येक गोष्ट मोजणार. दाराला अंगठ्याने उघडणारं कुलूपही त्यानेच बसवलं. अंगठा ठेवला की छोट्या पडद्यावर उघडणाऱ्याचं नाव येतं. उस्तांनी कुरकुरत आपला अंगठा त्यात नोंदवला होता. ते गेल्यावरही त्यांचं नाव सरमदने कुलपातून पुसलं नाही. त्याचं मन होईना.

कारण जानेवारीत एक गोष्ट घडली होती.

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. उस्ता अंगठ्याने पेस्ट लावत होते. सरमदने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"उस्ता, अंगठ्याचे दिवस गेले. लोक हसतात आपल्याला."

उस्तांनी अंगठा पँटच्या मांडीवर पुसला.

खस्स... खस्स...

मग दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी एकाही कार्डाला हात लावला नाही. तीन आठवड्यांनी झोपेतच गेले.

सरमदने माफी मागितली नव्हती. उद्या मागू, परवा मागू, असं करत राहून गेलं.

तर त्या गुरुवारी उस्तांची मुलगी रफल आपला कम्प्युटर घेऊन आली. ती वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. रविवारी सकाळी परीक्षकांपुढे इमारतीची चित्रफीत याच कम्प्युटरवर बनवून दाखवायची होती, आणि कार्डाचा पंखा खडखडत होता. कार्ड वडिलांनीच तयार करून दिलेलं.

"रविवार चुकला तर वर्ष गेलं, सरमदभाई," ती म्हणाली.

"कूलर बदलतो. तासाभराचं काम आहे," सरमद म्हणाला.

ती गेली. त्याने कार्ड टेबलावर घेतलं.

स्क्रूच्या डोक्यांवर लाल नेलपॉलिशचे थेंब होते. ती उस्तांची खूण. आपल्या हाताने बंद केलेलं कार्ड दुसऱ्या कोणी उघडलं तर कळावं म्हणून ते लावायचे. सरमदने ब्लेडने ते थेंब खरवडले. जुनी पेस्ट वाळून माती झाली होती. ती पुसून त्याने नवी पेस्ट पट्टीने पसरली, नवा कूलर बसवला आणि स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, एकेक करत आवळले.

मशीन सुरू केलं. पडद्यावर तापमानाचा आकडा आला.

चाळीस... साठ... नव्वद...

एकशेपाचला पडदा काळा झाला.

होतं असं. कूलर नीट टेकला नसेल. त्याने पुन्हा उघडलं.

पेस्ट सगळीकडे सारखी पसरली होती. फक्त मधोमध एक लांबट गोल रिकामा होता. तिथे चिप लख्ख दिसत होती, जणू कोणी पुसून घेतली.

हवेचा बुडबुडा असेल, असं म्हणून त्याने कूलरखालच्या, कडेच्या मऊ रबरी गाद्या बदलून पातळ घातल्या. पुन्हा पेस्ट, पुन्हा स्क्रू.

पुन्हा एकशेपाच. पुन्हा काळोख.

आणि उघडलं तर पुन्हा तोच रिकामा गोल. या वेळी त्यात बारीक रेघा होत्या. माणसाच्या अंगठ्यावर असतात तशा.

आणि त्या रेघांना कापत गेलेली एक आडवी रेघ...

सरमदने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत निळे हातमोजे होते.

त्याने शेजारच्या चहावाल्या हजी महदींना बोलावलं. हजींच्या थट्टेला वेळकाळ नसतो. आल्या आल्या म्हणाले, "चहा पाजायचा सोडून आता तुझी यंत्रं राखत बसू का रे?"

"फक्त समोर बसा, हजी. मी काय करतो ते बघत राहा."

हजींच्या डोळ्यांसमोर त्याने पेस्ट लावली, कूलर बसवला, मशीन चालू केलं. ते बंद पडल्यावर हजींसमोरच उघडलं.

हजी वाकले. बराच वेळ पाहत राहिले. नाजींना रोजचा चहा त्यांनी चाळीस वर्षं दिला होता. त्या अंगठ्याने ग्लास धरलेला त्यांनी हजारदा पाहिला होता.

"हे मला दाखवू नकोस, पोरा," एवढंच बोलून ते उठले. जाताना ओठांत दुवा पुटपुटत होते.

तेवढ्यात वीज गेली.

पंखे थांबले. एसी थांबला. गल्लीतला जनरेटर चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ दुकानात चिडीचूप.

आणि त्या शांततेत, दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडून...

खस्स...

खस्स...

कापडावर काहीतरी पुसल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सरमद आमच्याकडे आला. माझ्या बायकोने त्याच्या आवडीची भरलेली वांगी केली होती. त्याने एक घास खाल्ला आणि ताटाकडे बघत बसला. मला वाटलं, प्रेमात पडला असेल. मी चिडवलंसुद्धा. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शनिवारी त्याने वेगळी शक्कल काढली. हे कार्डच झपाटलेलं असेल, तर रफलला दुकानातलं दुसरं देऊन टाकू. चांगलं चालणारं एक कार्ड घेऊन त्याने साफ केलं, ताजी पेस्ट लावून बंद केलं.

एकशेपाच.

आणखी एक उघडलं.

एकशेपाच.

तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कार्डात काही नव्हतंच. जे होतं, ते त्याच्या हातात होतं. तो ज्या कार्डाला हात लावेल ते जळणार होतं.

दुपारी रफल आली तेव्हा तो टेबलावर डोकं टेकून बसला होता. त्याने हात जोडले. "मला जमत नाहीये, रफल. मी सगळं करून बघितलं."

तिने ओरडावं असं त्याला वाटत होतं. ती ओरडली नाही. उघड्या कार्डाकडे बघून डोळे पुसत म्हणाली, "बाबा तर नुसत्या अंगठ्याने लावायचे. तुम्ही का नाही लावत तसं?"

सरमदला घाम फुटला.

पण पोरीचं वर्ष जात होतं. त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

त्याने उजव्या हाताचा मोजा काढला. पेस्ट चिपवर ठेवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा अंगठा टेकवला.

तो सांगतो, चिप बर्फासारखी गार होती. तो अंगठा फिरवत नव्हता. तरीही अंगठा फिरत होता. हळूहळू, मधून कडेकडे, अगदी उस्ता फिरवायचे तसा...

"माफ करा, उस्ता," तो म्हणाला. रफलने ते ऐकलं. तिने मला स्वतः सांगितलंय.

मशीन सुरू केलं. चाळीस... बावन्न... अठ्ठावन्न.

अठ्ठावन्नवर आकडा थांबला तो थांबलाच.

चित्रफीत रात्रभर तयार होत राहिली. रविवारी रफल पास झाली. खजुराच्या मिठाईचं ताट घेऊन सगळ्या गल्लीला वाटत फिरली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी सरमदने दुकानाच्या कुलपावर अंगठा ठेवला. दार उघडलं. पडद्यावर नाव आलं...

नाजी.

यंत्र आहे, चुकतं कधीकधी, असं त्याने मनाला समजावलं. खिशातून मोबाइल काढून अंगठा लावला. मोबाइल उघडला नाही. पुसून लावला, धुऊन लावला, तरी नाही. मग आकडे दाबून उघडावा लागला.

रोज सकाळी कुलपावर तेच नाव यायचं. पंधरा दिवस त्याने सहन केलं. शेवटी एका संध्याकाळी डोळे मिटून ते नाव कुलपातून पुसलं.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडेना. लाल दिवा लागायचा आणि विझायचा. कुलपात सरमदचं नाव होतं, पण त्याच्या अंगठ्याला ते ओळखत नव्हतं. आपल्याच दुकानाबाहेर, आपल्याच पाटीखाली, तो तासभर उन्हात उभा राहिला. हजींनी पाणी आणून दिलं. थट्टा केली नाही.

कुलूपवाला आला. त्याने कुलूप खोललं आणि सरमदचा अंगठा नव्याने नोंदवून घेतला.

"नाव काय टाकू?" त्याने विचारलं.

सरमदने तोंड उघडलं...

हजी सांगतात, त्याला स्वतःचं नाव घेता आलं नाही. नुसते ओठ हलले. कुलूपवाला वाट बघून कंटाळला आणि नावाची जागा रिकामी ठेवून गेला.

आता दुकान जोरात चालतं. कार्ड घेऊन लोक बसऱ्याहून येतात. निघताना म्हणतात, "वा, अगदी नाजींचाच हात."

तो अजूनही दर शुक्रवारी येतो. जेवताना उजवा अंगठा तळव्यात दुमडून ठेवतो, चमचा चार बोटांत धरतो. माझ्या बायकोला वाटतं, कुठेतरी लागलं असेल.

गेल्या शुक्रवारी जेवण झालं. आणि टेबलाखालून आवाज आला.

खस्स... खस्स...

मी खाली वाकून पाहिलं नाही.