आईच्या वाफ्यातली वेल

भिवंडीच्या बाजारातल्या बियाण्यांच्या दुकानात नेत्रानं रुमालाची गाठ सोडली आणि आतलं पान काउंटरवर ठेवलं. पलीकडे धनेश बसला होता. त्यानं बघायचं होतं पान, पण नजर आधी गेली तिच्याकडे. तिनं ते ओळखलं आणि पान पुढं सरकवलं.

"हे कसलं हाय, सांगाल?"

त्यानं पान चुरगळून हुंगलं, नाक मुरडलं. "वेल आहे?"

"हां. आईच्या वाफ्यात आलीय. आई वैशाखात गेली... जाण्याआधी तिनं कायतरी पेरलं असणार. मला सांगायचं राहिलं."

त्यानं पान परत रुमालावर ठेवलं. "फूल आल्यावर नक्की सांगता येईल. शुक्रवारी दुकान बंद असतं... येऊन बघू?"

"आमचं खारबाव लांब हाय."

"बाईक आहे."

"बाईकचं न्हाय म्हणत मी," ती म्हणाली आणि हसू ओठांतच दाबलं. आई गेल्यापासून पहिलंच हसू ते.

मग काय, शुक्रवार उजाडला की स्वारी हजर. नेत्राचे वडील केसरीनाथ कुरकुरायचे, "तण हाय ते, उपटून टाक." पण ही बया कुणाचं ऐकतेय! तिनं बांबू रोवले, सुतळी ताणली, वेलीला चांगला मांडव घातला. धनेश बांबू धरायचा, ती गाठ मारायची. बोटाला बोट लागलं की दोघंही गाठीकडेच बघत राहायची.

आई गेल्यापासून घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. धनेशजवळ मात्र नेत्रा घडाघडा बोलायची. रात्री तिला स्वतःचाच राग यायचा – आईचं वर्षसुद्धा झालं न्हाय, आणि आपण शुक्रवारची वाट बघतो.

पाऊस ओसरला आणि फूल आलं. पांढरं, मधे जांभळं, खाली हिरवी जाळीदार झालर. नेत्राचा जीव सुपाएवढा झाला.

"बघितलंत? आईनंच लावलंय ना?"

धनेशनं फुलाकडे बघितलं, मग तिच्याकडे. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागत होतं. ती खूश झाली असती, त्याचं येणंही चालू राहिलं असतं. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्यानं हो म्हणावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

"नाही," तो म्हणाला. "रानटी कृष्णकमळ आहे हे. तणच. वासावरून मला तेव्हाच संशय आला होता, पण तुमच्या तोंडाकडे बघून सांगवलं नाही..." तो वाकला आणि वाफ्यातली माती चाचपली. "यंदा वाफ्यावर राब भाजला होता का?"

पेरणीआधी, ऐन उन्हाळ्यात, जमिनीवर शेण न् पालापाचोळा पसरून पेटवायचा, म्हणजे मातीतलं तणाचं बी जळून जातं. आई शेतावर भाजायची तसाच परसातल्या या वाफ्यावरही दरवर्षी राब भाजायची. यंदा ती खाटेवर होती.

"न्हाय भाजला," नेत्रा म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं. आईनं पेरलं म्हणून न्हाय, आईला उठता आलं न्हाय म्हणून हे उगवलं होतं. ती तिथंच बांधावर बसली आणि पोटभर रडली. तो थोडा दूर बसून राहिला. उगी उगी वगैरे काही म्हणाला नाही.

"खोटं बोलता आलं असतं तुम्हाला," डोळे पुसत ती म्हणाली.

"आलं असतं. पण मग तुमच्या आईविषयी ऐकत इथं बसवलं नसतं मला."

नेत्रा उठली. तिनं वेल मुळासकट उपटली.

"आता यायला निमित्त न्हाय उरलं."

"नाही," तो म्हणाला. बाईकची किल्ली काढून निघालाही.

"धनेश..."

तो वळला.

"उन्हाळ्यात राब भाजायचाय. एकानं पेटवायचा, दुसऱ्यानं ओला डहाळा घेऊन आगीवर नजर ठेवायची. एकट्याचं काम न्हाय ते. आई-बाबा जोडीनं भाजायचे." तिची नजर खाली गेली नाही. "मी पेटवीन... तू उभा राहशील?"

त्यानं किल्ली परत खिशात टाकली.

"राहीन," तो म्हणाला. "दरवर्षी."