खिंडीतली सोबत

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या मागे लागणार नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या चुलतबहिणीच्या, तृप्तीच्या बाबतीत घडलंय, आणि तिने सांगितलं तसंच लिहितोय.

मागच्या वर्षी. दिवाळी होऊन गेलेली. रविवारची संध्याकाळ. नाशिकच्या पश्चिमेला, पेठच्या डोंगरातली एक खिंड. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

एक गोष्ट आधी सांगतो. आमच्या घरी भूतखेत कोणी मानत नाही. तृप्तीचे वडील जयरामकाका शाळेत शिक्षक होते. आम्ही लहान असताना ते आम्हाला अमावस्येला मुद्दाम स्मशानात फिरायला न्यायचे, येताना भेळ खाऊ घालायचे. तृप्ती अशी वाढलेली.

ती आणि तिचा नवरा ललित सुट्टीच्या दिवशी सायकली घेऊन नाशिकच्या इंदिरानगरमधून बाहेर पडतात. ग्रॅव्हल बाईक म्हणतात त्या सायकलींना. जाड टायर, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर न घसरणाऱ्या. ललितला अठराशे सत्तावनच्या उठावाचा भारी नाद. पेठ-हरसूलकडचे लोक तेव्हा इंग्रजांवर उठले होते. त्या काळच्या वाटा शोधत दोघं त्या दिवशी फिरत होते.

खिंडीच्या अलीकडच्या पाड्यावर ललितचा टायर दगडाला लागून उभा फाटला. दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

तिथे झिपरू नावाचा शेतकरी पिकअपमध्ये भाताची पोती भरत होता. लांबच्या डांबरी रस्त्याने तो पलीकडे निघाला होता. ललितला सायकलसकट न्यायला तयार झाला.

"तूही चल," ललित म्हणाला.

"मी खिंडीतून येते. पलीकडे नाक्यावर भेटू. तुझ्याआधी पोहोचते की नाही बघ."

खळ्यावर झिपरूची आई फुलाबाई बसली होती. तिने मान वर केली.

"बाय, गाडीत बस. त्या वाटंनं एकटी नको जाऊ."

"उजेड आहे अजून, आजी."

"उजेडाचं नाय बोलत मी."

झिपरू हसला. "आईचं ऐकू नका, ताई. मी रोज फटफटीवरून जातो तिथून."

"तुझ्या फटफटीचा आवाज लय. तुला तिचं पाय कुठं ऐकू येतील?" म्हातारी म्हणाली. मग तृप्तीकडे वळली. "बंडाच्या साली एक बाई त्या खिंडीतून पळत व्हती. नवरा बंडात गेलेला. मागं गोऱ्यांचे घोडेस्वार. वाटंत जो भेटंल त्याला म्हणायची, मला संगं न्या. स्वार येऊन इचारायचे, संगं कोण हाय? जो तो सांगायचा, कोणी नाय. आमच्या माणसांनीबी तेच सांगितलं. भ्यालेली व्हती."

"मग?"

"मग काय. अजून पळतेय. संगं आली तर मागं बघू नको. स्वारानं इचारलं तर म्हण, मी एकटी हाय. सोडून देतात तुला."

"आणि तिला?"

फुलाबाई पेंढा झटकत राहिली.

तृप्तीला भीती वाटली नाही. तिला राग आला. भुतावर विश्वास नव्हता तरी राग आला. एक बाई इतकी वर्षं मदत मागतेय, आणि लोक एकमेकांना काय शिकवतात, तर नाही म्हणायला!

ती निघाली.

चढ सुरू झाला. टायरखाली मुरूम करकरत होता. सागाच्या झाडीत सातभाई पक्षी कलकलत होते. खाली कुठेतरी मळणीयंत्र चालू होतं.

पहिल्यांदा मळणीयंत्र थांबलं...

मग पाखरं गप्प झाली.

आणि एका वळणावर तिच्या लक्षात आलं... टायरचा आवाज येत नाहीये.

चाकं फिरत होती. मुरूम दिसत होता. पण करकर नाही. कापसावरून सायकल चालावी तसं.

कान बसले असतील. चढावर होतं असं. तिने जोरात खाकरून पाहिलं. खाकरणं स्पष्ट ऐकू आलं.

मग दुसरा आवाज आला...

थप. थप. थप.

अनवाणी पाय. तिच्या डाव्या बाजूला, जरासे मागे. कोणीतरी धावत होतं. धाप लागलेली. मध्येच हातातलं कडं कशावर तरी वाजल्यासारखं.

तृप्तीने समोर बघत विचारलं, "कोण आहे?"

फक्त धाप.

आणि मग तिच्या जर्सीचा मागचा खिसा कोणीतरी घट्ट धरला.

सायकल जड झाली. दुसऱ्या माणसाचं वजन ओढावं इतकी जड. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे ती लपवत नाही. म्हणते, "घाबरले. पण ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती रे. खिसा गच्च आवळून धरला होता तिने."

खिंडीचा माथा समोर दिसत होता.

तेवढ्यात खालून टापा ऐकू आल्या...

एक घोडा नाही. बरेच. घाई नव्हती त्यांना. शिकार कुठे जाणार आहे हे माहीत असल्यासारखे येत होते. चामड्याचा आणि घोड्याच्या घामाचा उग्र वास आला.

टापा तिच्या उजव्या खांद्याशी येऊन थांबल्या.

मानेवर गरम श्वास.

आणि अगदी कानाशी, शांत आवाजात कोणीतरी विचारलं...

"साथ में कौन है?"

खिसा धरलेला हात एकदम ढिला पडला. तृप्ती मला सांगताना इथे दर वेळी थांबते. त्या हाताला पुढचं उत्तर माहीत होतं, म्हणते. तेच उत्तर ऐकत आली होती ती. सोडून द्यायच्या तयारीत होती.

'मी एकटी आहे.' एवढंच म्हणायचं होतं.

तृप्ती ओरडली.

"आहे! माझ्यासोबत आहे! नाही देणार, काय करायचं ते करा!"

तिचा आवाज खिंडीत घुमला. शिव्याही दिल्या तिने, त्या इथे लिहीत नाही. डावा हात मागे नेला... आणि थंडगार बोटं तिच्या हातात आली. ती तिने घट्ट धरली. एका हाताने हँडल सांभाळत माथा ओलांडला आणि उतारावर सायकल सोडून दिली. ब्रेकला हात लावला नाही.

मागे टापा उधळल्या. आता त्यांना घाई होती.

दगड, खड्डे, झाडं, काही दिसत नव्हतं. "सोडू नकोस," ती ओरडत होती, "सोडू नकोस!"

खाली ओहोळ आला. सायकल पाण्यात शिरली.

हाताला एक हिसका बसला...

आणि हात रिकामा झाला.

त्याच क्षणी सगळे आवाज परत आले. पाणी, पाखरं, टायर. तृप्ती ओहोळातच उतरून उभी राहिली. मागे वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

ती निसटली, की तिला ओढून नेलं? तृप्तीला कळलं नाही. आजही नाही.

नाक्यावर ललित भेटला तेव्हा ती रडत होती, रागाने. घरी आल्यावर तिने काकांना सगळं सांगितलं. आयुष्यभर असल्या गोष्टी उडवून लावणारा माणूस, पण हसले नाहीत. एकच विचारलं.

"तू 'नाही' म्हणाली नाहीस ना?"

"नाही बाबा. 'आहे' म्हणाले."

"बरं केलंस."

आत्याने उतारा टाकायचा विषय काढला. तृप्तीने तो उडवून लावला.

संक्रांतीच्या सुमारास ती ललितला घेऊन पुन्हा त्या पाड्यावर गेली. फुलाबाईने तिचा हात धरून तिला बसवलं.

"पावलं बंद झाली, बाय. कोणालाच ऐकू येत नाय आता."

"आणि घोडे?"

म्हातारीने तिचा हात सोडला.

"घोडे येतात. शाळेच्या पोरी सायकलीवर खिंडीतून जातात ना, त्यांच्या कानाशी इचारतात... सायकलवाली कोण व्हती?"

तृप्तीने पुढचं ऐकलं नाही. सायकल उचलली आणि संध्याकाळ व्हायच्या आत खिंडीच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. ललित पाठोपाठ चढत होता, त्याने हे डोळ्यांनी पाहिलंय. वाटेच्या मधोमध कमरेवर हात ठेवून ती उभी, आणि रिकाम्या हवेशी बोलतेय.

"पोरींना काय विचारता? मी होते. मला विचारा."

ललितला उत्तर ऐकू आलं नाही. तृप्तीला आलं. एकच शब्द.

"नाम?"

तिने सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्याने, हजेरीला उभी असल्यासारखं.

त्या दिवसापासून शाळेच्या पोरींना खिंडीत काही ऐकू येत नाही. तृप्ती अजूनही त्या रस्त्याला जाते. मी नको म्हटलं की माझ्यावरच चिडते. काकांशी बोलून पाहिलं तर म्हणाले, "नाव लपवायला तिने काय गुन्हा केलाय?"

पटतं मला.

पण रात्री डोळा लागत नाही तेव्हा एवढंच आठवत राहतं... त्यांना आता तिचं नाव माहीत आहे.