राहिलेला डाव

कमलाकर सोलापुरात एका शाळेत कारकून होता. एकोणऐंशीच्या कार्तिकात चार दिवसांची रजा काढून तो गावी निघाला. गावी म्हणजे नव्या गावठाणात. जुनं गाव दोन वर्षांपूर्वीच धरणाच्या पोटात गेलं होतं आणि त्याच्यावरून आता लाँच चालायची. रावजी आणि ईरप्पा हे जुने सवंगडी धक्क्यावरच भेटले. तिघांनी लाँचच्या फळ्यांवर खडूने चल्लस-आठचा पट आखला. चाळिशी आली तरी खोड जाते थोडीच!

चार कवड्यांपैकी आता तीनच उरल्या होत्या. टवका उडालेली चौथी त्यांच्या चौथ्या भिडूच्या, धोंडीरामच्या खिशात राहिली, आणि गाव उठलं त्याच आठवड्यात धोंडीरामही बेपत्ता झाला. तेव्हापासून चौथीच्या जागी ते फोडलेला चिंचोका वापरत.

धोंडीरामची बायको मुक्ताबाई गाठोडं घेऊन शेजारीच बसली होती. सोमवारी तिचा दीर दर्भाचा पुतळा करून धोंडीरामला अग्नी देणार होता, त्यासाठी तिला बोलावणं होतं. कपाळावर कुंकू मात्र तिने रुपयाएवढं लावलं होतं.

"भावजी, त्यांचा बी डाव टाका की," ती म्हणाली.

तिघांचे हात थबकले. गैरहजर भिडूचा डाव डाव्या हाताने टाकायचा, ही त्यांची जुनी रीत. पण ती जित्या माणसासाठी. मेलेल्याला डाव नसतो.

"वैनी, उगा कशाला..." ईरप्पा पुटपुटला.

"हायत का न्हायत, मला कळाया नगं व्हय?"

कमलाकर घाबरला, हे खरं; पण भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. आणि भर दुपारी कसली आलीय भीती? शेजारून जुन्या देवळाचा कळस सरकत होता. त्याने तीन कवड्या आणि चिंचोका डाव्या हातात घेतले, खुळखुळवले आणि टाकले.

नेमकं त्याच वेळी इंजिन बंद पडलं. गाळाचा, कुजक्या लाकडाचा वास वर आला. पाणी फळ्यांखाली हळूच चुळबुळलं.

चारी पालथ्या. म्हणजे आठ!

"थांब..." रावजी कुजबुजला. "चिंचोका कुटं हाय?"

चिंचोका नव्हताच. चौथीही कवडीच होती, ओली आणि गाळाने माखलेली. मुक्ताबाईने ती बोटाने पुसली. कडेला टवका होता.

कवडी कुठून आली, हे कुणी सांगायला नको होतं. मुक्ताबाईने ती पदराला बांधली.

"आठ पडला की टाकनाऱ्याला परत डाव, व्हय न्हवं? मंग त्यांचा डाव ऱ्हायलाय. पुतळा जाळायचा न्हाय."

इंजिन पुन्हा धडधडू लागलं. दिराने पुढे पुष्कळ आदळआपट केली, पण बाई हटली नाही.

वैशाखात कमलाकर तिच्याकडे गेला. देव्हाऱ्यात ताटलीत ती कवडी होती, अजून ओलीच. ताटलीच्या तळाशी थोडंसं पाणी साचलं होतं.

"थंडीत काठोकाठ भरायची," मुक्ताबाई सहज म्हणाली. "धरण उतरलं तशी ही बी उतरली. म्होरल्या महिन्यात देवळाची पायरी उघडी पडंल म्हन्त्यात. तितं बसून ऱ्हायलेला डाव टाका, भावजी... तुमीच."

कमलाकरने हो म्हणून मान हलवली आणि डावा हात खिशात लपवला. कार्तिकापासून तो हात काही केल्या कोरडा होत नव्हता.